चौथी आठवण

"मी तिचा हात सोडला," तो मुलगा पुन्हा म्हणाला. "घट्ट धर म्हणून सांगितलं होतं. आणि मी सोडला."

समोरच्या मुलीने रेकॉर्डर बंद केला. वसतिगृहात तिला सगळे 'चौकशी' म्हणत, कारण कोणी नुसतं शिंकलं तरी हिचे प्रश्न सुरू. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक संशोधन प्रकल्प करावा लागे, आणि चौकशीला विषयही स्वभावाजोगा मिळाला होता. कधी न घडलेली गोष्ट माणसाला आठवायला लावता येते का?

रीत सोपी होती. विद्यार्थ्याच्या घरी फोन करायचा, लहानपणीच्या तीन खऱ्या गोष्टी विचारून घ्यायच्या आणि त्यांत चौथी आपल्या पदरची घालायची: तू लहान असताना गोठलेल्या तळ्यावर वाट चुकलास, मग कोणीतरी तुला काठावर आणून सोडलं. चारही सारख्याच खऱ्या असल्यासारखं दर आठवड्याला विचारत राहायचं. अर्थात तळ्याचं प्रकरण खरोखर घडलेलं नाही, याची घरच्यांकडून आधी खात्री करून घ्यायची.

या मुलाची आई फोनवर म्हणाली होती, "तळं? छे! आम्ही कधी तळ्याच्या आसपास राहिलोच नाही. आणि हा एकुलता एक. त्याला मी अंगणाबाहेर जाऊ देत नव्हते."

बाकीच्या मुलांपैकी बरेच जण "असेल बुवा" म्हणून मोकळे झाले. काहींना थोडाफार बर्फ आठवला. हा मात्र पहिल्यांदा नुसताच गप्प बसला. पुढच्या वेळी त्याला पायाखालची करकर ऐकू आली. मग त्याच्या आठवणीत एक लहान मुलगी आली. चौकशीच्या गोष्टीत मुलगी नव्हतीच.

"वा!" प्रकल्पाचे सर म्हणाले होते. "सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. मन कसं पदरचं घालतं बघ. त्याचं ते हात सोडल्याचं वाक्य प्रदर्शनाच्या फलकावर मोठ्या अक्षरात लाव." सर हुशार होते, पण कोणाचं काही दुखलं की त्यांना आधी आलेख दिसायचा.

चौकशीही तेव्हा हरखली होती, उगाच कशाला लपवायचं? प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि तिचा प्रकल्प पहिला येणार असं सगळे म्हणत होते. पण मुलगा आता जेवत नव्हता. वर्गात जाणं त्याने सोडलं होतं. गालफडं बसली होती.

प्रयोग संपला की ज्याचं त्याला खरं सांगायचं, असा नियम होता. आज तिने सांगितलं.

"ती गोष्ट मी रचली होती रे. तळं, बर्फ, सगळं. तसं काही झालंच नाही."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस."

"देवाशप्पथ. सगळ्यांना मी हीच गोष्ट सांगितली."

"मग त्यांनाही ती मुलगी दिसते?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"काल मी नदीच्या पुलावर जाऊन उभा होतो," तो शांतपणे म्हणाला. "खाली बघत."

बक्षीस, फलक, सर, सगळं गेलं खड्ड्यात असं चौकशीला वाटलं. तिने त्याच्या आईला फोन लावला आणि ती येईपर्यंत त्याला नजरेआड होऊ दिलं नाही.

आई मिळेल त्या बसने आली. लहानखुरी बाई, बूट बर्फाने चिंब झालेले. खोलीतल्या हीटरपाशी बसा म्हटलं तरी ती बसली नाही. सरळ मुलापाशी गेली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"ऐक माझं. तुला बहीण नव्हती. शेजारीपाजारी अशी कोणी मुलगी नव्हती. आपण कुठल्या तळ्यावर कधी गेलोच नाही."

"पण मला दिसते ती, आई."

"या ताईनं भरवलंय तुझ्या डोक्यात. ती स्वतः सांगतेय ना? मी आई आहे तुझी. मला ठाऊक नसणार?"

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

मग तो रडला. इतका मोठा मुलगा हुंदके देऊन रडला आणि रडता रडताच हसायला लागला. "म्हणजे मी कोणाला... माझ्यामुळे कोणी..."

"नाही रे राजा. तू काही केलं नाहीस."

त्याने बाहीने नाक पुसलं आणि भूक लागली म्हणाला. खाली कँटीन उघडं होतं. त्याचे पाय जिन्यावरून धाडधाड उतरताना ऐकून चौकशीचेही डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

"काकू, मला माफ करा," ती म्हणाली. "प्रकल्प मी मागे घेतेय. सरांना काय ओरडायचं ते ओरडू देत."

"त्याला पुन्हा कधी विचारू नकोस."

"नाही विचारणार. तुम्ही आला नसतात तर तो जन्मभर स्वतःला दोष देत बसला असता. न केलेल्या गोष्टीचा."

आईने दाराबाहेर डोकावून पाहिलं. जिना रिकामा होता. तिने दार लोटलं आणि आता कुठे ती खुर्चीवर टेकली.

"हो, न केलेल्याच गोष्टीचा," ती म्हणाली. "तिचा हात त्यानं नव्हता सोडला, बाळा. मी सोडला."