भट्टीसमोरचा बाक

काळी गाडी काचेच्या कारखान्याच्या फाटकाशी न येता अलीकडच्या वळणावरच थांबली, आणि उस्तादांचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता राहिला. ती गाडी इथलं शेंबडं पोरही ओळखत होतं. मालकीणबाईंची गाडी!

पुढच्या दारातून नवी शिकाऊ मुलगी उतरली. ड्रायव्हरने तिच्या हातात डबा दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि गाडी वळवून घाईघाईने निघून गेला. मुलगी इकडेतिकडे बघत, अंग चोरत फाटकातून आत आली.

"अस्सं!" उस्ताद स्वतःशीच म्हणाले. त्यांना हसू आवरेना.

गेल्याच आठवड्यात मालकीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं. "दोन नव्या मुली येतायत. त्यातली एक माझी. कुठली, ते मी सांगणार नाही, तीही सांगणार नाही. मी याच कारखान्यात काचा झाडायचे, उस्ताद. तिनेही तिथूनच सुरुवात करू दे. वर्षाने तुम्ही बाक सोडाल, तेव्हा लायक असेल तिला तो द्या. दुसरीला निरोप. माझी असली तरी! तोवर मी तिकडे फिरकणार नाही."

उस्तादांनी शब्द दिला होता. भट्टीसमोरच्या त्या बाकावर काच फुंकण्यात त्यांचा जन्म गेला होता, तो ऐऱ्यागैऱ्याच्या हाती द्यायचा नव्हता. आणि बाईंचं तर त्यांना अजून अप्रूप वाटे. हातातला झाडू ठेवून ही बाई मालकीण झाली, तेही त्यांच्या डोळ्यांदेखत! आता तिची लेक बघा. मागे ऐसपैस बसून मिरवायचं सोडून पुढे ड्रायव्हरशेजारी बसते. तो जुना माणूस, त्याने अंगाखांद्यावर खेळवलं असणार. उस्ताद भारावूनच गेले.

दुसरी मुलगी बसने आली, धापा टाकत. चपलेचा अंगठा पिनेने जोडलेला. बोलणं असं नाहीच, त्यामुळे सगळे तिला मौनी म्हणायला लागले. गाडीतून आलेली मुलगी दिसेल त्या भांड्याला बोटाने टिचकी मारून कान देऊन ऐकायची. ती झाली टिचकी.

दोघींना सारखंच वागवायचं, हे उस्तादांनी पक्कं ठरवलं होतं.

पहिल्याच महिन्यात दोघींच्या हातून एकेक बरणी फुटली. "फोडल्याशिवाय हात बसत नाही गं," ते टिचकीला म्हणाले. मौनीला म्हणाले, "डोळे कुठायत तुझे? काच काय झाडाला लागते?"

टिचकी सतत विचारायची. काच ढगाळ का होते? बुडबुडा कुठून शिरतो? उस्ताद जेवण बाजूला ठेवून समजावत बसत. काय धिटाई! मोठ्या घरात पोरांना गप्प बसवत नाहीत, म्हणून ही अशी, असं त्यांना वाटे. मौनीने एकदाच विचारलं, "मला फुंकणी द्याल? एकदाच?"

"आधी नीट झाडायला शीक."

तिने झाडू उचलला.

पहिले सहा महिने शिकाऊने फक्त झाडायचं, हा इथला जुना नियम. टिचकीच्या हातात दोन महिन्यांतच फुंकणी आली. भट्टी सांभाळणारी मावशी फटकळ, ती गप्प बसते होय! "उस्ताद, नियम काय उंदरांनी खाल्ला?"

"दम बघ तिचा, मावशी. असा दम असला की नियम कसला बघायचा?"

पण एक मात्र खरं. पोरीने त्यांच्या कष्टांचं सोनं केलं. फुंकणीच्या टोकाला लालभडक गोळा घेऊन ती फिरवायला लागली की बाकीचे हातातलं काम ठेवून बघत राहत. तिच्या श्वासाबरोबर काच फुगत जाई, पातळ होत जाई, आता फुटणार असं वाटे आणि ती नेमकी तिथेच थांबे. उस्तादांनी आयुष्यभर काच फुंकली, पण असा हात पाहिला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"हे शिकवून येत नाही," ते मावशीला म्हणाले. "रक्तातच असावं लागतं."

वर्ष सरलं. उस्तादांनी बाक टिचकीच्या नावे जाहीर केला, आणि मालकीणबाई आल्या.

मेजावर टिचकीची सुरई ठेवली होती. बाईंनी ती दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि उजेडात धरली. काच इतकी पातळ, की आरपार बाईंची बोटं दिसत होती.

"अगं बाई! कुणी केली ही?"

उस्तादांनी टिचकीला पुढे ढकललं. त्यांची छाती अभिमानाने फुगली होती. "माफ करा बाई, पण मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. हिच्याहून लायक कुणी नाही. मी माझ्या हातांनी घडवलीय हिला."

बाई टिचकीकडे बघतच राहिल्या. मग एकदम हसल्या आणि दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "ड्रायव्हरकाका, आत या! लवकर या! तुमच्या लेकीने काय करून ठेवलंय, बघा तरी!"

ड्रायव्हर दारातच थबकला. त्याला रडू कोसळलं. टिचकी धावत जाऊन त्याला बिलगली.

"शाब्बास, उस्ताद!" बाई म्हणाल्या. "परक्याच्या पोरीला एवढं दिलंत! बाक हिचाच. आता माझीने काय केलंय, तेही दाखवा."

उस्तादांनी एकदा टिचकीकडे बघितलं, एकदा कोपऱ्याकडे.

कोपऱ्यातल्या मौनीने झाडू भिंतीला टेकवला आणि हात पुसत ती पुढे आली.

"आई," ती म्हणाली, "मी अजून फुंकणीला हातही लावलेला नाही."