त्या पोरीची आय

पनवेलच्या हॉलमध्ये कोमलला आज शेवटची संधी होती; जमलं नाही तर मुख्य भूमिका तिच्याबरोबर नाचणाऱ्या रुमानाला जाणार होती. तालीम चालू होती त्या शंभर वर्षांपूर्वीच्या बॅलेत गाव एका मुलीला बळी म्हणून निवडतं आणि ती मरेपर्यंत एकटी नाचते. कोमलची एकही उडी मोजणीत चुकत नव्हती. तरी नाच बसवणारे सर म्हणाले, "पाय बरोबर आहेत. भीती कुठंय?"

मासळी विकून लेकीला न्यायला आलेली गुणाबाई रिकामी पाटी घेऊन दाराशी बसली होती. ती म्हणाली, "बाय, छताकडं काय बघतंस? त्या पोरीची आय पन त्याच गावात असंल ना? तिला शोध."

संगीत पुन्हा सुरू झालं. कोमल प्रत्येक उडीला आईकडे बघत राहिली. गुणाबाईने मान खाली घातली होती, ती एकदाही वर केली नाही. कोमल उड्या मोजायला विसरली, धाप लागली, शेवटी धाडकन कोसळली.

"हेच हवं होतं!" सर ओरडले. "भूमिका तुझी."

कोमल पडल्या पडल्या म्हणाली, "आये, एकदा तरी बघायचं होतंस."

"बघितलं असतं," गुणाबाई म्हणाली, "तर तुला उचलून घरी नेलं असतं."