उदाहरणाचं वाक्य

साहेबांनी केबिनमध्ये बोलावल्याचा तिला निरोप आला.

शब्दकोशाच्या कचेरीत ती सहा महिन्यांपूर्वी लागली होती. सगळे तिला नवी बाई म्हणत. तिला कायम करायचं की नाही, हे साहेब आज ठरवणार होते. घरी आई अंथरुणाला खिळलेली, आणि मिळवती ती एकटीच.

कचेरीची एक रीत होती. प्रत्येक क्रियापदासाठी खोलीतल्या सहाही जणांनी, एकमेकांना न विचारता, एकेक वाक्य लिहायचं. रोजच्या जगण्यातलं. कार्डावर नाव न घालता ते बंद पेटीत टाकायचं. काल ‘वेडावणे’ होतं. तिने आपली गंमत म्हणून लिहिलं, ‘साहेबांची पाठ वळली की मी त्यांना वेडावते.’ शेजारच्या टेबलावरच्या काकांना दाखवलं. ती दुसरं कार्ड घेणार, तोच काकांनी ते हसत हसत पेटीत सारलं.

वाक्य खोटं नव्हतंच. साहेब बोलताना अडखळत. चहाच्या वेळी ती त्यांची हुबेहूब नक्कल करी आणि पाचही जण पोट धरून हसत. ती कप विसळायला गेली तरी त्यांचं हसणं थांबत नसे. इतक्या लवकर आपल्याला सगळ्यांनी आपलं मानलं, याचं तिला फार अप्रूप होतं.

“जाऊन सरळ पाय धरा,” काका म्हणाले. “साहेब प्रत्येकाचं अक्षर ओळखतात.”

ती केबिनमध्ये गेली. साहेबांनी कार्ड पुढे ठेवलं.

“हे तु-तुमचं?”

“माझंच. चुकलं माझं, साहेब. नोकरी तेवढी काढून घेऊ नका.”

“नोकरी का-कायम झाली. सकाळीच सही केली.” त्यांनी चष्मा पुसला. “मला शाळेपासून वेडावतात लोक. त्याचं काही नाही. तुम्ही त्याच खोलीत बसणार, की इथे बा-बाहेरच्या टेबलावर, एवढंच विचारायचं होतं.”

तिचा जीव भांड्यात पडला. “त्याच खोलीत, साहेब. माझीच माणसं आहेत ती.”

साहेबांनी उरलेली पाच कार्डं तिच्याकडे सरकवली. वरचं काकांच्या अक्षरात होतं. ‘नवी बाई दाराबाहेर गेली की आम्ही तिला वेडावतो.’ तिने दुसरं उचललं. तिसरं, चौथं. पाचही जणांना तीच सुचली होती.