होडीचा रुपया

दामाजीनं धोतराच्या सोग्याची गाठ दातानं सोडली आणि रुपया टेबलावर ठेवला. शेजारी उभा असलेला त्याचा मुलगा रघु पुढे वाकला.

रुपया चकाकत होता.

काल संध्याकाळी रघुनं बापाच्या हातात दिला तेव्हा तो असा नव्हता. काळपट होता, कडेला किंचित निळी झाक. त्या काळ्यासाठी रघुनं तीन आठवडे घालवलेले.

टेबलापलीकडे गोपीनाथराव बसलेले. मुंबईचे नाणेपारखी. ठाण्याच्या या हॉलमध्ये आज ते जुनी नाणी तपासून चिठ्ठीवर दर्जा लिहून देत होते. त्यांची चिठ्ठी असली की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही म्हणे. मागच्या महिन्यात रघुनं त्यांना हाच रुपया दाखवलेला, डांबरात अर्धा बुडालेला, तेव्हा ते खुर्चीतनं उठलेच होते.

"हा बाजारात कधी फिरलेलाच नाही हो! राजाच्या केसाची रेघ न् रेघ शाबूत आहे. डांबर तेवढं जपून काढा. खालचा काळेपणा मात्र राहू द्या. तो गेला की नाणं गेलं."

फिरणार कुठून? दामाजीच्या बापानं होडी बांधली तेव्हा डोलकाठीच्या बुडाखाली, खाचेत तो इंग्रज राजाचा कोरा चांदीचा रुपया ठेवला आणि वरनं डांबर ओतलं. होडी त्या रुपयावर उभी राहते असं घरात मानतात. आता ती होडी गावी, कोपरला, खाडीच्या काठावर कलंडून पडलेली. तळ सडलेला. चिठ्ठी चांगली मिळाली तर नव्या फळ्या. नाहीतर उद्या सकाळी वखारवाला काळुराम येणार, सरपणाला तोडून घेऊन जाणार. दामाजीनं स्वतःच डोलकाठी उतरवून रुपया उकरून दिलेला. "होरीचा हाय, होरीच्याच कामाला येल," एवढंच बोललेला.

"बा, हे काय केलंस?" रघुनं विचारलं.

"घासला. चिंच नि राख. देवाचे टाक घासतो तसा." दामाजी खुशीत होता. "तू येवढे दिस साफ करीत व्हतास, पन काला तो कालाच. चार मोठ्या मानसांत तसा नेवाचा? लाज नाय वाटत?"

मागे रांगेत कोणीतरी हसलं. "आजोबा, डायरेक्ट टांकसाळीतून उचललात वाटतं!"

दामाजीही हसला. मान वळवून, सगळ्यांना दिसेल असा.

रघुला ती बरणी आठवली. केमिकल कंपनीतनं थोडं थोडं आणलेलं ॲसिटोन. लॅबमधल्या केमिस्टला विचारून विचारून त्यानं सगळं केलेलं. डांबर सुटायला लागलं की नुसतं बुडवायचं, काढायचं, परत बुडवायचं. कापूससुद्धा लावायचा नाही. पहिल्याच दिवशी बापानं बरणी हुंगलेली. "कंपनीचा पानी घरात आनलास?" त्याच पाण्यानं खाडीतली कोळंबी गेली, बोयटं गेली, असं तो येताजाता सगळ्यांना सांगायचा. पोरगा त्याच कंपनीत कामाला. म्हणून रघु "साफ करतोय" एवढंच बोलला आणि गप्प बसला. काळं ठेवायचं असतं हे त्यानं लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलेलं. घरी नाही.

गोपीनाथरावांनी चिठ्ठीवर तारीख आधीच घालून ठेवलेली, १२ जानेवारी १९९१. त्यांनी रुपया कडेनं उचलला. भिंगाखाली धरला. फिरवला. परत फिरवला. मग भिंग खाली ठेवलं.

"घासलाय."

"व्हय साहेब! मीच," दामाजी पुढे सरकला.

गोपीनाथरावांनी त्याची बोटं बघितली, अजून राखेनं पांढरी. मग रघुकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "राजाच्या गालावर बघा, आडव्या रेघा. केस तर गेलेच. यात आता चांदी तेवढी राहिली. सोनाराला दाखवा." पेनाला टोपण लावलं. तारखेची चिठ्ठी उलटी करून बाजूला ठेवली. "पुढचे कोण?"

रघुनं रुपया उचलला. बापाचा दंड धरून त्याला दाराशी आणलं.

"काय लिवला?"

"काही नाही लिहिलं."

दामाजीनं रुपया त्याच्या हातातनं घेतला. उजेडाकडे धरला. अंगठा फिरवला.

"घासायला कमी परला का रं?"

मग खोपटच्या स्टँडपर्यंत चालता चालता, एसटीची वाट बघता बघता रघुनं त्याला सगळं सांगितलं. डांबर, काळं, रेघा. कोण काय बोललेलं. एसटी आली, दोघं चढले. खिडकीशी बसून दामाजी राखेची बोटं धोतराला पुसत होता. पार उतरेपर्यंत पुसत होता.

कोपरला तो घरी गेलाच नाही, सरळ खाडीवर गेला, रघु मागोमाग. ओहोटी होती. होडी एका कुशीवर. दामाजी फळीला धरून आत चढला, डोलकाठीच्या मोकळ्या खाचेपाशी उकिडवा बसला आणि रुपया आत ठेवला. नीट बसला का बघितलं. आजूबाजूचं लाकूड काळं, आणि मधे तो एवढा पांढराशुभ्र.

"बा, उद्या काळुराम येईल. त्याला तो दिसेल."

"दिसंल."

दामाजीनं खाचेवर तळहात ठेवला, तसाच ठेवून बसला.

"त्याला सांग," तो बोलला, "कुराड हितून सुरू करू नको."