शेपटीतलं यंत्र

नवऱ्याने गॅरेजात स्वतः बांधलेलं विमान उद्या पहिल्यांदा उडणार होतं. ते पडलंच, तर रेडिओवर टाहो फोडणारं यंत्र त्याने शेपटीत बसवलं होतं. 'नवंकोरं आहे' म्हणाला होता, पण त्याची काटकसर ती पुरती ओळखून होती.

तेवढ्यात उद्यासाठी त्याने तिच्या हातात दिलेला रेडिओ टाहो फोडू लागला.

"अहो, बंद करा ते."

"अगं, त्या यंत्राची बॅटरी टेबलावर पडलीय. चालू काय होणार, कपाळ?"

म्हणजे भंगारातलं दुसरं जुनं यंत्रही आणून कुठेतरी दडवलंय तर. ती रेडिओ घेऊन शेपटीपाशी गेली, आवाज मंदावला. त्याच्याकडे वळली, तसा वाढला.

"खिसे दाखवा."

त्याने हसत खिसे उलटे केले. एक स्क्रू पडला.

तिने रेडिओ त्याच्या छातीला लावला, तसा आवाज कानठळ्या बसवू लागला; टाहो तिथूनच येत होता. त्या टाहोत त्याचे ओठ हलताना दिसले. शब्द ऐकू आला नाही.