स्वस्तातला प्रोसेसर

“हा नको ताई, त्याच्या शेजारचा दाखवा,” टकळी म्हणाली आणि काउंटरवर अशी वाकली, जणू काचेतच शिरतेय.

तिला टकळी का म्हणतात हे दुकानवाल्या ताईंना एव्हाना कळलं होतं. आल्यापासून तिचं तोंड थांबलं नव्हतं. कोअर किती, स्पीड किती, पंखा सोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो, गेम खेळताना त्याची तापून इस्त्री तर नाही ना होणार? बाबा शेजारी उभे होते. त्यांचा हात तिच्या मानेवर होता, गर्दीत लहान मुलाला धरतात तसा. दुकानात गर्दी नव्हती.

“पोरगी हुशार आहे हो तुमची,” ताई म्हणाल्या. “आई नाही आली हिची?”

“माहेरी गेलीये,” बाबा म्हणाले.

“म्हणून तर कॉम्प्युटर मिळतोय!” टकळी खळखळून हसली. “आई असती तर म्हणाली असती, आधी गणित सुधार.”

हसताना तिच्या तळहाताचा ओला ठसा काचेवर उमटला. तिनं तो बाहीनं पुसून टाकला.

बाबांनी स्वतः एकच वस्तू निवडली होती. स्पीकर. दुकानातले सगळ्यात मोठे.

“असे वडील पहिल्यांदाच बघतेय,” ताईंना हसू आलं. “बाकीचे हेडफोन मागतात. कान किटतात म्हणे.”

“खेळू दे की मोकळेपणानं. घरात आवाज असला की बरं वाटतं.”

स्पीकरांनी खिसा निम्मा खाल्ला. उरलेल्यात दोनच प्रोसेसर बसत होते. एकात चित्र दाखवायची सोय आतच होती. गेम बेताचे चालले असते, पण चालले असते. दुसरा तेवढ्याच पैशांत जास्त दमदार, मात्र त्याला ग्राफिक्स कार्ड वेगळं लागणार. ते नसेल तर पडदा काळाच.

“पहिला घे,” ताई म्हणाल्या. “आत्ता खेळायला लाग. कार्डाचं पुढच्या वर्षी बघू.”

छातीतली धडधड मानेवरच्या हाताला कळेल म्हणून टकळीनं श्वास रोखला. इथे चुकलं की संपलं. बाबा काही तिला पुन्हा दुकानात आणणार नव्हते.

“दुसरा,” ती म्हणाली.

“अगं, पण कार्ड?”

“आहे घरी. मैत्रिणीच्या दादानं जुनं दिलंय.”

बाबांची बोटं किंचित आवळली. “कधी?”

“सुट्टी लागायच्या आधी, बाबा. शाळेत.”

“जोडायला कुणी माणूस नाही ना लागणार?”

“छे! मी जोडते. डोळे झाकून!”

“चालू झाला नाही तर तसाच उचलून आणू नका हं,” ताईंनी खोकी बांधता बांधता बजावलं. “आधी मी घरी येऊन बघते. त्याशिवाय काही बदलून मिळत नाही.”

घरी टेबल बाहेरच्या खोलीतच मांडलं. आतल्या खोलीत अडगळ होती आणि तिला कुलूप होतं. त्या दाराच्या दोन बाजूंना बाबांनी स्पीकर स्वतः लावले, मग खुर्ची ओढून समोर बसले.

टकळीनं प्रोसेसर मदरबोर्डावर ठेवला. रॅमची पट्टी बसवली आणि हेच ते जुनं कार्ड, असं बाबांना सांगितलं. वायरी जोडल्या. बटण दाबलं.

पंखा फिरला, दिवे लागले. पडदा काळाच राहिला.

“काय केलंस?” बाबांनी विचारलं. ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत.

“मी काही नाही केलं, बाबा. बोर्डच खराब असेल.”

“काढ सगळं. परत देऊन येतो.”

“घेणार नाहीत. ताई म्हणाल्या ना, बघितल्याशिवाय नाही.”

बाबा काळ्या पडद्याकडे बघत राहिले. त्यात त्यांचा चेहरा दिसत होता, मागे टकळीचाही. एवढे पैसे पाण्यात घालवायचं त्यांच्या जिवावर आलं. शेवटी त्यांनी फोन काढला.

“ती दुकानवाली आली की तुझी टकळी बंद,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई पिशवी घेऊन आल्या. बाबा त्यांच्या पाठीशीच उभे राहिले. ताईंनी कॅबिनेटचं झाकण काढलं. कार्डाची जागा रिकामी होती. त्यांनी चमकून टकळीकडे पाहिलं.

“ताई, याच्या पत्र्याला करंट येतोय,” टकळी घाईनं म्हणाली. “सकाळी मला शॉक बसला.”

ताईंनी टेस्टर पत्र्याला टेकवला. त्यातला दिवा लागला नाही. त्यांनी टकळीच्या थरथरत्या बोटांकडे पाहिलं आणि टेस्टर मुठीत झाकला.

“हो दादा, येतोय. घराच्या वायरिंगमधूनच दिसतोय. मेन बंद करावा लागेल. मीटर कुठंय?”

“खाली, जिन्यापाशी.”

“मग तेवढा बंद करून या. पोरीला काही झालं तर मलाच धराल.”

बाबा हलले नाहीत. मग टकळीकडे एकदा रोखून बघत बाहेर पडले. जिन्यावर त्यांच्या चपला वाजू लागल्या.

“कार्ड नाहीच ना तुझ्याकडे?” ताईंनी हळूच विचारलं.

“नाही.”

“आणि चित्र येणार नाही, हे तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग कशाला गं घेतलास हा?”

डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. टकळी उठली, दोन स्पीकरांच्या मधे गेली आणि अडगळीच्या दारावर बोटानं टकटक केली.

“आई,” ती कुजबुजली, “कुणीतरी आलंय.”

आतून टकटक झाली.