कडेला कड

नव्या घरासाठी स्वस्त आणि दिसायला बरं असं काहीतरी हवं होतं. जुन्या फर्निचरच्या दुकानात चार खणांचं हे बुटकं, हिरवं कपाट दिसलं आणि मी बाकीच्यांकडे पाहिलंच नाही. घरी आणल्यावर हॉलचा कोपरा उजळून निघाला.

दुकानदार एवढंच म्हणाला होता, "गुणी कपाट आहे, ताई. कोंबाल तेवढं मावतं."

खरंच मावायचं. सकाळी घाईत कोंबलेले कपडे संध्याकाळी बघावे, तर नीट घड्या घातलेले. बाह्या आत, कडेला कड जुळवलेली. नवरा सुधारला म्हणून मी त्याच्या आवडीचं रांधत होते. तोही कधी नव्हे ते माझं कौतुक करायचा. घरात भांडण असं उरलंच नव्हतं.

रविवारी जेवताना मी म्हटलं, "घड्या मात्र छान घालतोस हं."

"मी? मला वाटलं, तू घालतेस."

दोघंही हसलो. मग दोघांनीही कपाटाकडे पाहिलं.

"आपल्याला काय, काम झाल्याशी कारण," असं म्हणून तो कपाटाशेजारीच सतरंजी टाकून आडवा झाला.

भांडी घासून मी बाहेर आले. सगळ्यात खालचा, मोठा खण अर्धा उघडा होता. त्यातल्या चादरी बाहेर एकावर एक रचून ठेवल्या होत्या. तो गाढ झोपला होता. गुडघे पोटाशी, हात आत दुमडलेले, कडेला कड अगदी जुळवून.

माझ्या मनात पहिलं आलं ते कौतुकच.

मग खण हळूच आणखी थोडा पुढे सरकला.